आमची दाढ आणि अधिकारक्षेत्र

दाढदुखीकडे विनोदाचा विषय म्हणून पाहण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. गालाला रुमाल बांधलेले पात्र रंगभूमीवर आले की, ते तोंड उघडण्यापूर्वीच प्रेक्षागृहात हशा पिकतो. आम्हीही हसलेलो आहोत. पोट दुखणाऱ्यासाठी लोक हळहळतात, छाती दुखणाऱ्यासाठी धावपळ करतात. दाढ दुखणाऱ्यास मात्र "उपटून टाका आणि मोकळे व्हा" एवढाच सल्ला मिळतो. सल्ल्यात खोट काहीच नाही. प्रश्न इतकाच की, उपटावी कोणी? गेल्या माघात आमची डाव्या बाजूची खालची दाढ ठणकू लागली, तेव्हा या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास आम्हांस पाच आठवडे, दोन राज्ये, चार डॉक्टर आणि रुग्णालयातील आठ दिवसांचा मुक्काम लागला. कारण दाढ आमची होती, आणि यकृतही आमचेच होते.

मराठी भाषेने यकृतावर थोडा अन्यायच केलेला आहे. संस्कृतातील 'कालेय' म्हणजे यकृत. त्याच घराण्यातील 'काळीज' आम्ही परस्पर हृदयाच्या नावावर फेरफार करून टाकले, आणि मूळ मालकाची आठवण खाटकाच्या दुकानातील कलेजीपुरती शिल्लक ठेवली. आमचे यकृत आमच्या लक्षात आले तेही असेच आडवाटेने. सहा वर्षांपूर्वी बार असोसिएशनच्या रक्तदान शिबिरात आम्ही मोठ्या उत्साहाने बाही वर केली, आणि पंधरा दिवसांनी रक्तपेढीचे पत्र आले की, आपले रक्त स्वीकारता येत नाही, कृपया येऊन भेटावे. 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू आमच्या अंगात बहुधा लहानपणापासून बिऱ्हाड करून होता. आमच्या बालपणी खेड्यातल्या दवाखान्यात काचेची एकच सिरिंज आणि पातेल्यात अर्धवट उकळलेली एकच सुई साऱ्या गावाच्या दंडातून फिरत असे. या विषाणूवरची लस आमच्या जन्माच्या सुमारास निघाली. आमच्या दंडापर्यंत ती पोचली नाही. पत्र आले तोवर यकृतात सिरोसिस, म्हणजे काठिण्य, सुरू झालेले होते.

तेव्हापासून आम्ही टेनोफोविरची एक गोळी नेमाने घेतो. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही गोळी सरकारी केंद्रावर विनामूल्य मिळते, हे येथे मुद्दाम नमूद करतो. कारण अनेकांस ते ठाऊक नसते आणि काहींस ते विचारण्याची लाज वाटते. लाज का वाटते हेही सांगतो. यकृताचा आजार म्हटला की, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम बाटली येते. आमचे मद्याशी कधी सख्य जुळले नाही. परंतु आमची सासुरवाडी पेडण्याची, म्हणजे गोव्याची. तेवढा पुरावा बेळगावात पुरेसा ठरतो. न्यायालयात आरोपी दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष समजला जातो. यकृताच्या रोग्यास हे संरक्षण नाही.

त्या वेळी रुग्णालयाने दिलेल्या कागदाच्या तळाशी एक ओळ होती: 'वेदनाशामके टाळावीत.' तिच्याखाली रेघ मारलेली. कायद्याचा कोणताही विद्यार्थी सांगेल की, ज्या निषेधास अपवाद नाही तो बहुधा घाईने लिहिलेला असतो. कोणती वेदनाशामके? सगळी? आणि टाळल्यावर वेदनेचे काय करावे? हेच वाक्य प्रतिपक्षाच्या करारनाम्यात आढळले असते, तर त्यावर आम्ही तासभर बोललो असतो. परंतु आजारी पडलेला वकील हा आधी आजारी असतो आणि मग वकील. ती ओळ आम्ही श्रुतिवाक्यासारखी पाळली. डोके दुखले तर ओली घडी, कंबर धरली तर विटेचा शेक. पुढे पुढे तर आम्हांस या सोसण्याचा सूक्ष्म अभिमानही वाटू लागला होता. दाढेने तो एका रात्रीत उतरवला.

दंतवैद्य तरुण आणि हाताचे हलके. त्यांनी छायाचित्र काढले, मुळाशी पू झाल्याचे दाखवले आणि दाढ काढावी लागेल असे सांगितले. मग, पक्कड उचलण्यापूर्वीचा शिष्टाचार म्हणून, विचारले, "दुसरा काही आजार?"

आम्ही सांगितला. त्यांनी खुर्ची सरळ केली.

"प्लेटलेट किती आहेत?"

"अडुसष्ट हजार." निरोगी माणसाच्या रक्तात त्या दीड लाखांच्या वर असतात. यकृत कठीण झाले की प्लीहा फुगते आणि प्लेटलेट स्वतःत कोंडून धरते.

"तुमच्या फिजिशियनचे पत्र आणा, मग काढू."

"आणि तोवर दुखण्यावर?"

"तेही त्यांनाच विचारा."

फिजिशियन सज्जन गृहस्थ. त्यांनी आमच्या फायलीची पाने उलटली, आणि पहिल्या पानावरील 'व्यवसाय' या रकान्याशी ते क्षणभर थांबले. मग त्यांनी लिहिले, 'यकृततज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.' गोळीचे विचारले, तेव्हा ते हळूच म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्या बाबतीत मी काही लिहिणार नाही. रागावू नका." पोटाच्या विकारांच्या तज्ज्ञाकडे नंबर लावला, तेव्हा अकरा दिवसांनंतरची तारीख मिळाली.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सातव्या आदेशात दहावा नियम आहे. त्याअन्वये ज्या न्यायालयास अधिकारक्षेत्र नाही, ते दावा फेटाळीत नाही. योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत करते. दाव्यात तथ्य नाही असे कोणी म्हणत नाही. फक्त येथे नको, तेथे जा. बेळगावच्या माणसास अधिकारक्षेत्राचा वाद नवा नव्हे; आमचे गाव कोणाचे हा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला, आणि तेव्हापासून तारीख या शब्दाकडे आम्ही तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने पाहण्यास शिकलो आहोत. परंतु दाढेस तत्त्वज्ञान कळत नाही. दातांचा डॉक्टर यकृताला भितो, यकृताचा डॉक्टर दात पाहत नाही, आणि दोघांच्या मध्ये जी ठणकत असते ती वेदना कोणाच्याच हद्दीत नसते.

येथे एक कबुली दिली पाहिजे. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात आम्ही एका वृद्ध डॉक्टरांविरुद्ध ग्राहक मंचात एक प्रकरण चालवले होते. १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सशुल्क सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, तेव्हापासून अशी प्रकरणे होऊ लागली होती. या डॉक्टरांनी कंबरदुखीच्या एका रोग्यास दुखणे थांबवण्याचे इंजेक्शन लागोपाठ पाच दिवस दिले; रोग्याची मूत्रपिंडे आधीच दुबळी होती; आणि तसे काही विचारल्याची केसपेपरवर नोंद नव्हती. आमच्या उलटतपासणीत त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आमच्या अशिलास भरपाई मिळाली, आणि ती मिळणे न्याय्यच होते. आजही आम्ही ते प्रकरण घेऊ. पुढे वर्षभराने कोणीतरी सांगितले की, त्या डॉक्टरांनी दुखण्याचे इंजेक्शन देणेच सोडले, कोणालाही, कशासाठीही. त्या वेळी ही बातमी आम्हांस आमच्या प्रशंसेसारखी वाटली होती. आमच्या फिजिशियनांची लेखणी 'व्यवसाय' या रकान्याशी थांबली, तेव्हा ती आम्हांस फार वर्षांनी आठवली.

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास आम्ही उठून बसलो. लवंगेच्या तेलाचा बोळा धरून हिरडी पोळली होती. सौभाग्यवतींनी औषधांचा डबा उघडला आणि दिव्याखाली एकेका पाकिटावरचे नाव वाचू लागल्या. डब्यात पॅरासिटामॉल होते. परंतु ते दोघांनीही एकमताने बाजूस सारले. त्याने यकृत निकामी होते हे कोणास ठाऊक नाही? इंग्लंड-अमेरिकेत तीव्र यकृतनिकामीचे ते एक प्रमुख कारण आहे, हे आम्ही स्वतः वाचलेले होते. दुसरे पाकीट शेजारच्या निवृत्त मास्तरांनी संध्याकाळीच आणून दिले होते. मास्तर ती गोळी गुडघ्यांसाठी घेत. "अहो, ही लिव्हरची नव्हेच, सांध्यांची. मी चार वर्षे घेतो आहे," असे त्यांनी आश्वासन दिले होते. आम्ही वकिली बुद्धीने निवाडा केला: एकीवर मनुष्यवधाचा आरोप सिद्ध झालेला, दुसरीवर साधी तक्रारही नाही. मास्तरांची गोळी घेतली. पाऊण तासात जी झोप लागली, तिचे वर्णन आमच्याने होणार नाही. सकाळी उठून आणखी एक घेतली. अशा तीन दिवसांत आठ.

गोळी डायक्लोफिनॅकची होती. चौथ्या दिवशी पायांत वहाणा शिरेनात. लघवी कमी झाली, पोट तट्ट दिसू लागले. रक्त तपासले, तेव्हा मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनीन नेहमीच्या ०.९ वरून २.१ वर गेलेले आढळले. ज्या तज्ज्ञांची अकरा दिवसांनंतरची तारीख होती, त्यांच्याच हाताखाली आम्ही सातव्या दिवशी आडवे होऊन दाखल झालो. तारीख अलीकडे घेण्याचा हा मार्ग आम्ही कोणास सुचवणार नाही.

आमचा निवाडा नेमका उलटा कसा झाला, हे पुढे आम्हांस समजावून सांगण्यात आले. ते वाचकांपैकी कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितो. पॅरासिटामॉलचा एक लहानसा अंश शरीरात विषारी द्रव्य बनतो, आणि यकृतातील ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ त्यास जागच्या जागी निकामी करतो. गोळ्या अतोनात घेतल्या, तर हा साठा संपतो आणि मग अनर्थ होतो. इंग्लंड-अमेरिकेतल्या बातम्या या बहुतांशी अशा अतिसेवनाच्या. मापात घेतलेले पॅरासिटामॉल कठीण झालेले यकृतही पचवते. दुसऱ्या जातीच्या गोळ्यांची, म्हणजे डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, दंतवैद्यांचे आवडते केटोरोलॅक यांची गोष्ट निराळी. सिरोसिसमध्ये रक्त पोटाच्या फुगलेल्या वाहिन्यांत तुंबते, आणि मूत्रपिंडाकडे जाणारा प्रवाह मंदावतो. राकसकोपचे पाणी कमी दाबाने सुटते त्या दिवशी गल्लीतला एखादा भला माणूस चावी उघडी धरून उभा राहतो, म्हणून शेवटच्या घरात निदान एक घागर भरते. तसे प्रोस्टाग्लॅंडिन नावाचे द्रव्य मूत्रपिंडाच्या वाहिन्या उघड्या धरून असते. ही गोळी त्या माणसालाच घरी पाठवते. शिवाय पोटाच्या अस्तरास ती ओरखडते. आणि आमच्या अन्ननलिकेत नीला फुगलेल्या, प्लेटलेट कमी. रक्तस्राव झाला नाही, हे आमचे नशीब.

हे ऐकताना आम्हांस गिधाडे आठवली. गुरांना दिलेले हेच डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून पोटात गेल्याने भारतातील गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, हे २००४ च्या सुमारास सिद्ध झाले आणि २००६ साली सरकारने जनावरांसाठी त्याचा वापर बंद केला. ती बातमी वाचून आम्ही हळहळलो होतो. आपले आणि गिधाडाचे काही नाते असेल असे तेव्हा मनातही आले नव्हते.

रुग्णालयात आमच्या मूत्रपिंडांची काळजी उत्तम घेण्यात आली. अल्ब्युमिनच्या बाटल्या चढल्या, दाढेच्या पुवासाठी प्रतिजैविक सुरू झाले, त्याने ठणका निम्म्यावर आला. उरलेल्या निम्म्याचे विचारले, की रात्रपाळीचे डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेला तक्ता वाचत आणि म्हणत, "तुम्हांला काहीच देता येत नाही." भेटीस येणारे मात्र रिकाम्या हाताने येत नसत. कोणी भुईआवळा आणला, कोणी गुळवेलीचा काढा. गुळवेल नको म्हटल्यावर एक स्नेही दुखावले. २०२१ साली मुंबईतील काही डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या रोग्यांत यकृताचा दाह झाल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने ती मानली नाही. दोन तज्ज्ञांच्या वादात आम्ही आमचे यकृत साक्षीदार म्हणून उभे करण्यास तयार नव्हतो, एवढेच.

शेजारच्या पलंगावर खानापुराकडील एक शेतकरी होते. वय साठीच्या आसपास. त्यांच्या यकृतात काठिण्यावर कर्करोग उद्भवला होता, तो मणक्यातही उतरला होता, आणि घरी घेऊन जा असे त्यांच्या मुलास सांगण्यात आले होते. दिवसा ते भिंतीकडे तोंड करून पडत. रात्री मात्र एक आवाज येई. तो रडण्याचा नव्हता, कण्हण्याचाही नव्हता; ओझे उचलताना माणूस जसा श्वास सोडतो तसा, दर श्वासाला. आमच्या दाढेची आम्हांस लाज वाटे. एका पहाटे त्यांचा मुलगा आमच्या उशाशी येऊन बसला. "वकीलसाहेब," तो म्हणाला, "मॉर्फिन म्हणून असतं ना? ते कायद्यानं मिळत नाही म्हणतात. कुठं अर्ज केला तर मिळेल काय?"

त्या कायद्याची कलमे आम्हांस तोंडपाठ होती. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली आम्ही कित्येकांचे जामीन अर्ज चालवले आहेत. तो कायदा आम्ही नेहमी तुरुंगाच्या बाजूनेच वाचला. २०१४ साली संसदेने त्यात दुरुस्ती केली आणि मॉर्फिनसारखी औषधे 'अत्यावश्यक' या निराळ्या वर्गात घालून रुग्णालयांच्या परवान्यांचे जंजाळ पुष्कळ सोपे करण्याची वाट मोकळी केली. म्हणजे मुलाच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर 'मिळते' असे होते. कोझिकोडला १९९३ सालापासून डॉक्टर आणि सामान्य नागरिक मिळून हे काम करीत आले आहेत. तेथून ते केरळभर पसरले. यकृताच्या रोग्यास अशा औषधाने ग्लानी येते, बद्धकोष्ठ होऊन शुद्ध हरपू शकते, हे खरे. म्हणून मात्रा लहान, दोन मात्रांतील अंतर मोठे आणि जोडीला रेचक, असे बेताने जावे लागते. अवघड आहे, अशक्य नाही. हे सारे आम्ही त्या मुलास सांगितले. त्याने ते नीट ऐकून घेतले आणि विचारले, "मग इथं लिहून कोण देईल?"

त्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. तिसऱ्या दिवशी ते गाडी करून वडिलांना घरी घेऊन गेले. नर्सने चादर बदलली.

घरी सोडताना आमच्या डॉक्टरांनीच पुण्याच्या एका यकृततज्ज्ञ बाईंचे नाव लिहून दिले. यकृत ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा आपल्या देशात अजून तरुणच आहे. दिल्लीची यकृत आणि पित्तविज्ञान संस्था, जिचे नाव या क्षेत्रात प्रथम घेतले जाते, तीही २०१० साली सुरू झालेली. मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नई अशा शहरांत तज्ज्ञ आहेत. निपाणी, खानापूर, सावंतवाडीच्या माणसास तेथवर जाण्यास एक दिवस, एक सोबती आणि एक भाड्याची गाडी लागते. आम्हांस हे तिन्ही परवडत होते. पहाटे चारला निघालो. निपाणी, कोल्हापूर, कराड मागे पडले, साताऱ्याला चहासाठी थांबलो, तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, तिथल्या कागदावर व्यवसाय काय घालायचा?"

"म्हणजे?"

"म्हणजे वकील घालू नका. आपली खाली भाताची जमीन आहे ना? शेती घालू."

सत्यकथनाविषयी आमची मते प्रसिद्ध आहेत. तरीही पुण्यात फॉर्म भरताना त्यांनी 'शेती' असे लिहिले, आणि आम्ही पाहिले न पाहिलेसे केले.

बाहेरच्या खोलीत वजन आणि रक्तदाब घेण्यासाठी एक परिचारिका होती. गाडीच्या धक्क्यांनी दाढ पुन्हा पेटली होती. सौभाग्यवती स्वतःशीच पेडण्याच्या बोलीत काहीतरी पुटपुटल्या, बहुधा आमच्या दाढेस शिवी दिली. परिचारिकेने चमकून वर पाहिले. ती काणकोणची निघाली. हातातली लेखणी खाली ठेवून तिने आमच्याकडे वळून विचारले, "खंय दुखता तुमकां?"

कोठे दुखते? तीन आठवड्यांत आम्हांस प्लेटलेट किती, क्रिएटिनीन किती, दारू किती, हे सर्व विचारले गेले होते. हा प्रश्न प्रथमच आला. आम्ही गालावर बोट ठेवले, आणि सांगण्यास संकोच वाटतो, आमचे डोळे भरून आले.

डॉक्टरबाईंनी पाऊण तास घेतला. सौभाग्यवतींनी पिशवीतून घरातला औषधांचा डबाच नेला होता. तो त्यांनी टेबलावर ओतून घेतला आणि पाकिटांचे दोन ढीग केले. मोठा ढीग टाकण्याचा. त्यात मास्तरांची गोळी होतीच. परंतु सर्दीच्या दोन गोळ्याही होत्या, कारण त्यांत पॅरासिटामॉल दडलेले असते आणि बेरीज चुकते. नायमेसुलाइडही त्याच ढिगात गेले. हे औषध स्वतःच यकृतास इजा करते म्हणून स्पेन आणि फिनलंड यांनी २००२ साली त्याची विक्री थांबवली आणि आपल्याकडे २०११ साली ते बारा वर्षांखालील मुलांस बंद झाले. मग त्यांनी मान वर न करता विचारले, "शेतीत काय घेता?"

"भात," आम्ही म्हणालो. आणि नंतर राहवले नाही. "भात कूळ पिकवते. आम्ही वकील आहोत."

"मला वाटलंच. फाइलला अनुक्रमणिका लावून आणणारा शेतकरी मी पाहिला नाही." त्या हसल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्ही लोक आम्हांला घाबरवता, हे खरं आहे. पण आम्ही घाबरलो म्हणून तुमचं दुखणं थांबत नाही, हेही खरं आहे."

त्यांनी एक कागद लिहिला. आजवर आमच्या आजाराविषयी जे जे लिहिले गेले होते, ते नकारार्थी होते. या कागदावर काय घ्यावे ते आधी होते. दुखल्यास पॅरासिटामॉल पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचे अंतर, चोवीस तासांत चारांहून अधिक नाही, म्हणजे दोन ग्रॅम. निरोगी माणसास चालते त्याच्या निम्मे. उपास असेल किंवा जेवण जात नसेल, तर त्याहूनही कमी, आणि फोन करून. सांधे-स्नायूंना शेक. त्याच्या खाली वर्ज्य औषधांची नावे, इंजेक्शनसकट. त्याच्याही खाली: यापेक्षा तीव्र वेदना झाल्यास सोसत बसू नये, कळवावे; त्यासाठी औषधे आहेत, ती मी देईन. हे शेवटचे वाक्य आम्ही दोनदा वाचले. 'मी देईन.' पाच वर्षांतला हा पहिला कर्तरी प्रयोग होता.

मग त्यांनी आमच्यासमोरच आमच्या दंतवैद्यांस फोन लावला. प्लेटलेट पन्नास हजारांच्या वर आहेत, काढा, भूल नेहमीचीच, लिग्नोकेन, बेताने, टाके घाला, ट्रानेक्झॅमिक आम्लात भिजवलेला बोळा दाबून ठेवा, केटोरोलॅक देऊ नका, काही झाले तर मला फोन करा. संभाषण चार मिनिटे चालले. आम्ही घड्याळ पाहिले होते.

बाहेर पडताना आम्ही त्यांस खानापूरच्या त्या शेतकऱ्याविषयी विचारले. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि एका वेदनाशमन केंद्राचा क्रमांक लिहून दिला. बेळगावास परतल्यावर आम्ही तो मुलास कळवण्यासाठी फोन केला. मुलगा म्हणाला, "चार दिवस झाले, साहेब." मग आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. त्याने क्रमांक मात्र उतरवून घेतला. गावात आणखी एक जण तसाच आहे, म्हणाला.

दाढ फाल्गुनात, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी निघाली. दंतवैद्यांनी ती कापसावर ठेवून आम्हांस दाखवली. एवढ्याशा वस्तूने एवढा दौरा घडवावा याचे त्यांनाही नवल वाटले. रक्त नेहमीपेक्षा दहा-पंधरा मिनिटे अधिक वाहिले आणि थांबले. संध्याकाळी मास्तर चौकशीस आले. त्यांना आम्ही त्यांच्या गोळीविषयी अजून सांगितले नव्हते, आणि त्या दिवशीही सांगवले नाही; परंतु सौभाग्यवतींनी चहाबरोबर त्यांना त्यांची मूत्रपिंडे कधी तपासली होती ते विचारले. मास्तर म्हणाले, "मला काय झाले आहे?" तपासणीची चिठ्ठी मात्र त्यांनी खिशात घातली.

रात्री जेवणानंतर भूल उतरली आणि जबड्यात जुनी ओळखीची कळ उठली. सौभाग्यवतींनी एक गोळी आणि पाण्याचे भांडे पुढे ठेवले, आणि पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर वेळ लिहिली: ९.१०. त्याखाली, पुढची घेता येईल ती वेळ: ३.१०. आम्ही पानाकडे पाहत पडून राहिलो. ३.१० कधी वाजले ते आम्हांस कळले नाही.